58 सीसीची चेनसॉ: वादळात पडलेला निंब कापताना आलेला अनुभव

मृग लागण्याच्या आगेमागे जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात जे वादळ येते, त्याची धास्ती सगळ्यांत जास्त केळीवाल्यांना असते, कारण घडांच्या ओझ्याने आधीच वाकलेल्या बागा अर्ध्या तासात आडव्या होतात. यंदा त्याच वादळाने फैजपूरच्या आमच्या घराच्या परसातला निंबही पाडला. आजोबांनी लावलेले ते झाड छातीच्या उंचीवर साडेपाच फूट घेराचे होते, म्हणजे व्यास साधारण 21 इंच. ते मुळासकट उपटून पूर्वेकडच्या भिंतीवर आडवे झाले आणि शेंडा शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यापासून हातभर अंतरावर थांबला. चार वर्षांपूर्वी सेप्टिक टँकसाठी खड्डा खणताना पश्चिमेकडची जाड मुळे तोडावी लागली होती. वारा पश्चिमेकडून आला, त्या बाजूने झाडाला धरून ठेवणारे मूळच उरले नव्हते आणि पहिल्या पावसाने काळी माती सैल झाली होती. झाड म्हातारे झाले म्हणून पडले, असे गल्लीत सगळे म्हणत होते. ते खरे नाही, आणि घराजवळ खड्डा खणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, म्हणून इथे नोंदवतो आहे.

लाकूडतोडे त्या आठवड्यात कोणालाच मिळत नव्हते. जे भेटले, त्यांच्या हातात आधीची आठ-दहा झाडे होती. वाट पाहणे शक्य नव्हते, कारण भिंतीला तडा जाऊ लागला होता. म्हणून भुसावळहून 58 सीसी इंजिन आणि 22 इंची बार (जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी) असलेली पेट्रोलवरची चेनसॉ मी 7,200 रुपयांना विकत आणली. तिच्यावर कोणते लेबल आहे हे मुद्दामच लिहीत नाही. याच घडणीची मशीन नारिंगी, लाल, हिरव्या अशा वेगवेगळ्या रंगांत आणि वेगवेगळ्या नावांनी बाजारात मिळते, आतले भाग बहुतेक एकसारखे असतात आणि एकाचा सुटा भाग दुसरीला बसतो. त्यामुळे हा अभिप्राय एका नावाचा नसून या घडणीच्या मशीनचा आहे, असे समजावे.

दोन दिवस वापरून माझे जे मत झाले, ते आधीच सांगतो. इंजिन चांगले आहे आणि दिलेल्या पैशांच्या मानाने फारच चांगले आहे. मात्र सोबत आलेली चेन निकृष्ट आहे आणि सोबत आलेला माहितीचा कागद तर धोकादायक म्हणावा इतका अपुरा आहे. हे मशीन घ्यायचे असेल, तर किमतीत आणखी दीड-दोन हजार रुपये आधीच धरावेत. ते चांगली चेन, गोल कानस, डोळ्यांवरची जाळी आणि कानांवरचे झाकण यांसाठी लागतात.

मशीनला हात लावण्याआधी दोन कामे केली. आमच्या घराची विजेची सर्व्हिस वायर फांद्यांखाली दबली होती, म्हणून महावितरणच्या 1912 या क्रमांकावर कळवले; लाइनमनने येऊन खांबावरून तार सोडवून जमिनीवर घेतली आणि त्यानंतरच आम्ही परसात पाऊल टाकले. दुसरे काम कागदाचे होते. नगरपालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू असल्यामुळे पडलेल्या झाडाचे चारही बाजूंनी फोटो काढून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. झाड आपोआप पडले आहे, आपण पाडलेले नाही, याचा पुरावा कुऱ्हाड लागण्याआधीचाच असावा लागतो.

आता मशीनविषयी. इंजिन टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये 2टी ऑइल मिसळावे लागते. आमच्या कागदावर 1 ला 25 असे प्रमाण दिले होते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला 40 मिली ऑइल. सोबत खुणा केलेली बाटली येते, तिच्यामुळे अंदाज चुकत नाही. नव्या इंजिनाला हे प्रमाण कमी करू नये. ऑइल वाचवायला गेलेला माणूस पिस्टन गमावतो. सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवावे, मागच्या मुठीत बुटाचा पुढचा भाग घालून दाबावे, चोक ओढून दोरी ओढावी आणि इंजिनाने एकदा भुर्र केले की चोक आत ढकलून पुन्हा दोरी ओढावी. थंड इंजिन चौथ्या-पाचव्या ओढीला सुरू होत असे. मशीन एका हाताने हवेत सोडत दुसऱ्या हाताने दोरी ओढण्याची जी पद्धत व्हिडिओंमध्ये सर्रास दिसते, ती कोणीही वापरू नये. गरम झालेले मशीन जेवणाच्या सुट्टीनंतर लवकर सुरू होत नाही, हा दोष मला दोन्ही दिवस जाणवला. अशा वेळी चोक न लावता, थ्रॉटल (वेगाचा खटका) थोडा दाबून ओढल्यास ते सुरू होते. चोक लावला तर प्लग ओला होतो आणि तो काढून पुसण्यात वेळ जातो.

सगळ्यांत जास्त लिहिण्यासारखे आहे ते चेनविषयी, कारण चेनसॉ कापते ती चेनमुळे. इंजिन फक्त तिला फिरवते. सोबत आलेल्या चेनने मनगटाएवढ्या फांद्या भराभर कापल्या आणि आम्ही खूश झालो. पण मांडीएवढी फांदी आली तेव्हा मशीन जोर करू लागले, चीर एका बाजूला वाकू लागली आणि खाली पडणाऱ्या भुशाचे रूप बदलले. ही खूण प्रत्येकाने ओळखायला शिकावी. चेन धारदार असेल, तर लाकडाचे चुरमुऱ्याएवढे कपचे उडतात आणि मशीन स्वतःच्या वजनाने लाकडात उतरते; धार गेली की पिठासारखी पूड पडते, धूर येतो आणि माणूस नकळत मशीन दाबू लागतो. मशीन दाबावे लागते आहे असे वाटले, की थांबावे.

धार लावण्यासाठी 4.8 मिलिमीटर जाडीची गोल कानस लागते, कारण या चेनची पिच, म्हणजे कड्यांमधल्या अंतराचे माप, 0.325 इंच आहे. बार एखाद्या ओंडक्यात घट्ट बसवून, चेन ब्रेक (चेन जागीच रोखणारा ब्रेक) लावून, प्रत्येक दात आतून बाहेरच्या दिशेने, साधारण 30 अंशांच्या कोनात, तीन-चार सारख्या हातांनी घासायचा; मागे ओढताना कानस उचलायची. एका बाजूचे सगळे दात झाले, की उभे राहण्याची बाजू बदलून दुसरी बाजू. पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला आणि दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत झाले. धार लावल्यावर ती चेन बरी चालली, पण तिचे पोलाद मऊ असावे, कारण टाकीभर पेट्रोल संपेपर्यंतही धार टिकली नाही. भुसावळच्या ज्या मिस्त्रींकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, त्यांनी चेन बोटांवर फिरवून पाहिली आणि म्हणाले, “भाऊ, मशीन ठेवा, ही चेन बदला.” त्यांनी दिलेली चेन साडेअकराशेची होती, आणि तिने 21 इंचांचे खोड ज्या सहजतेने कापले, ते पाहून आदल्या दिवशीची निम्मी मेहनत वाया गेल्याची खंत वाटली. नवीन चेन घेताना फक्त 22 इंच एवढे सांगून भागत नाही. पिच, ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) जाडी म्हणजे गेज, आणि त्या लिंकची संख्या या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. आमच्या बारला 0.325 पिच, 0.058 गेज आणि 86 लिंक लागतात. जुनी चेन सोबत नेऊन लिंक मोजून घेणे सर्वांत खात्रीचे.

नवी चेन पहिल्या तासात सैल पडते. ती पुन्हा ताणण्यासाठी बाजूचे झाकण उघडावे लागते आणि तिथे एक अडचण आहे, जी कागदावर कुठेच दिलेली नाही. या घडणीत चेन ब्रेकचा पट्टा झाकणातच बसवलेला असतो. ब्रेक लागलेल्या स्थितीत झाकण काढले, तर ते पुन्हा बसत नाही, आणि जोर केल्यास प्लॅस्टिक तडकते. झाकण काढण्याआधी पुढच्या मुठीसमोरचा ब्रेकचा दांडा मागे ओढून ब्रेक सोडावा. ताण योग्य आहे का, हे पाहण्यासाठी इंजिन बंद असताना हातमोजा घालून चेन हाताने ओढावी. ती बारवर सहज सरकावी, पण खालच्या बाजूने लोंबकळू नये. गरम चेन ताणून तशीच ठेवली तर थंड होताना आकसते आणि बारला आवळते, म्हणून काम संपल्यावर ती थोडी सैल करून ठेवणे चांगले.

बारला लागणाऱ्या ऑइलची टाकी वेगळी असते. आमच्याकडे गॅरेजमधले जळके ऑइल त्यात ओतण्याची पद्धत आहे आणि आमच्या सालदारानेही डबा आणून ठेवला होता. मी ते घालू दिले नाही. त्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेची धातूची पूड असते, तिने छोटा पंप बंद पडतो, आणि फिरणारी चेन ते काळे ऑइल माणसाच्या अंगावर व तोंडावर फवारते, जे कातडीला घातक आहे. बारचे खास चिकट ऑइल मिळाले तर उत्तम. मला मिळाले नाही, म्हणून इंजिनचे नवे ऑइल वापरले. पंप चालतो आहे का हे पाहण्याची सोपी रीत अशी, की बारचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर अंतरावर धरून इंजिनाचा वेग वाढवायचा. पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑइलची टाकीही जवळपास रिकामी झाली पाहिजे. ती भरलेलीच राहिली, तर चेन कोरडी फिरते आहे असे समजून काम थांबवावे.

पडलेले झाड कापणे हे उभे झाड पाडण्यापेक्षा सोपे वाटते, पण तसे ते नाही. आमचे खोड एका टोकाला मुळांच्या गोळ्यावर आणि दुसऱ्या टोकाला भिंतीवर टेकलेले होते, मध्ये अधांतरी. अशा खोडाच्या वरच्या बाजूला लाकूड दाबलेले असते आणि खालच्या बाजूला ताणलेले. वरूनच कापत गेलो, तर चीर मिटते आणि बार आवळला जातो; माझा तो पहिल्याच दिवशी एका मोठ्या फांदीत अडकला आणि कुऱ्हाडीने शेजारी खाच पाडून सोडवावा लागला. योग्य रीत अशी, की दाबलेल्या बाजूने आधी साधारण तिसरा हिस्सा कापायचा आणि मग ताणलेल्या बाजूने उरलेले कापून चीर चिरीला मिळवायची. खाली भिडणाऱ्या लवचिक फांद्या तर धनुष्यासारख्या वाकून बसलेल्या असतात. त्या एका फटक्यात न तोडता थोड्या थोड्या कापून त्यांचा ताण सोडवावा. भिंतीला पाठ लावून कधीही कापू नये. फांदी उसळली तर सरकायला जागा हवी. त्या दिवसांत जमिनीवर पिकलेल्या निंबोळ्यांचा थर होता आणि त्यावरून पाय घसरत होता, म्हणून दर थोड्या वेळाने पुतण्या खराट्याने उभे राहण्याची जागा साफ करत असे. हे काम मशीन चालवण्याइतकेच महत्त्वाचे होते.

सर्वांत मोठा धोका बारच्या टोकाच्या वरच्या भागाचा आहे. तो भाग फिरत असताना कशालाही लागला, तर मशीन क्षणात वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळते. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखाली घेऊन घट्ट पकड ठेवणे, डोके बारच्या रेषेत न आणणे आणि खांद्याच्या वर मशीन न उचलणे, या तीन गोष्टी पाळल्या तरच चेन ब्रेक उपयोगी पडतो. सोबतच्या कागदावर या उसळीचा साधा उल्लेखही नाही. मोडक्या इंग्रजीतली दोन पाने आणि एक पुसट चित्र, एवढ्यावर मिनिटाला हजारो फेरे घेणारे यंत्र शेतकऱ्याच्या हातात दिले जाते, याचा मला मनापासून राग आला. मराठीत चार पाने छापायला किती खर्च येतो? चेन ब्रेक मात्र आमच्या मशीनचा उत्तम निघाला. पूर्ण वेगात असताना ब्रेकचा दांडा मनगटाने पुढे ढकलला, की चेन जागच्या जागी थांबत होती. ही तपासणी दुकानातच करून घ्यावी आणि चेन थांबत नसेल, तर ते मशीन घरी आणू नये. तसेच थ्रॉटल सोडल्यावर चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू सैल करावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोड मुळांपासून वेगळे करायची वेळ आली. मुळांचा गोळा पुरुषभर उंच उभा होता आणि मागे खोल खड्डा. खोडाचे वजन सुटताच हा गोळा पुन्हा उभा राहू शकतो, हे मी वाचले होते, म्हणून आईला आणि मुलांना घरात पाठवून मागचे दार बंद केले. सालदार आणि पुतण्या दोघेही वीस फूट दूर उभे होते. बार खोडाच्या जेमतेम आरपार जात होता, म्हणून दोन्ही बाजूंनी कापले. आतले तांबूस लाकूड दिसू लागले, कडवट वास परसभर पसरला, आणि शेवटचे दोन इंच राहिले असताना लाकडातून मोठा कडकडाट झाला. मी मशीन बाहेर ओढून मागे सरलो तोच तीन फुटांच्या खुंटासह सगळा गोळा हळूच कलला आणि मग धाडकन खड्ड्यात जाऊन सरळ उभा राहिला. जमीन हादरलेली पायांना जाणवली. त्या खड्ड्यात आदल्या दिवशी शेजारची दोन मुले लपाछपी खेळत होती. पडलेल्या झाडाच्या मुळांमागे मुलांना कधीही जाऊ देऊ नका, ही विनंती मी हात जोडून करतो.

त्यानंतर खोडाचे तुकडे करताना एक नुकसान झाले. जमिनीपासून पाच फुटांवर आजीने कधीकाळी कपडे वाळत घालण्याच्या तारेसाठी लोखंडी हूक ठोकलेला होता, आणि सालीने तो इतका गिळून टाकला होता, की बाहेरून फक्त एक गाठ दिसत होती. नव्या चेनने तो गाठला, ठिणग्या उडाल्या आणि सात-आठ दातांची टोके गेली. घराजवळच्या झाडात खिळे, तारा, पाट्या असतातच. आता मी म्हणेन, की ओंडके करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना झाडावर काय काय ठोकले होते ते विचारून घ्यावे. माझ्या आईला तो हूक पक्का आठवत होता. विचारले असते तर तिने जागाही दाखवली असती.

चालवण्याच्या श्रमाविषयी थोडेसे. पेट्रोल भरल्यावर बार-चेनसह मशीन सुमारे सात किलोचे होते आणि तासाभराने मनगटांना मुंग्या येतात, कारण कंप शोषणारी रबरे महागड्या मशीनइतकी चांगली नाहीत. वीस-पंचवीस मिनिटे काम आणि दहा मिनिटे विश्रांती, असे आम्ही ठरवून घेतले. आवाज 100 डेसिबलच्या पुढचा असतो, त्यामुळे कान झाकल्याशिवाय चालवू नये, आणि कान झाकल्यावर हाक ऐकू येत नसल्यामुळे हाताच्या खुणा आधी ठरवाव्यात. विजेवर चालणारी चेनसॉ हलकी व स्वस्त असते, पण वादळानंतर आमच्याकडे दीड दिवस वीज नव्हती. बॅटरीची छोटी करवत डहाळ्यांसाठी सोयीची आहे. खोडासाठी तिचा उपयोग नाही. ज्यांच्या शेतात बांधावर बाभूळ-निंब आहेत आणि दरवर्षी काही ना काही पडते, त्यांना हे 58 सीसीचे मशीन घेणे परवडेल. ज्यांच्या घरी एकच झाड पडले आहे, त्यांनी माहितगार माणसाला दोन दिवसांची मजुरी द्यावी, ते अधिक सुरक्षित आहे.

दुरुस्तीचा अनुभव समाधानकारक आहे. तिसऱ्या दिवशी स्टार्टरची दोरी तुटली. विकणाऱ्या दुकानाने हात वर केले, पण मिस्त्रींनी 60 रुपयांत नवी दोरी घालून दिली आणि एअर फिल्टर पेट्रोलने धुऊन कसा वाळवायचा तेही दाखवले. उरलेले पेट्रोल टाकीत ठेवू नये, असे त्यांनी बजावले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढते आणि कार्बोरेटरमधली रबराची पडदी खराब करते. टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच मशीन ठेवले आहे.

खोडाचा सात फुटांचा सरळ भाग चौकटीसाठी सॉ मिलवर पाठवला, पाला शेजारच्या शेळ्यांनी दोन दिवसांत संपवला आणि फांद्यांची रास भिंतीलगत रचली आहे. खड्ड्यात उभा राहिलेला खुंट मात्र मशीनने कापलेला नाही आणि कापणारही नाही. त्याच्या सालीत माती आणि बारीक खडे रुतलेले आहेत, आणि मातीला लागलेली चेन काही सेकंदांत बोथट होते, हे मी एकदा जमिनीला टोक लावून अनुभवले आहे. ते काम सब्बल, फावडे आणि कुऱ्हाडीचे आहे, आणि सालदाराने त्यासाठी पोळ्यानंतरचे दोन दिवस दिले आहेत.